जपानची जुनी, नैरोबीची नवी

केनियात कोणी ‘नवी गाडी घेतली’ असे म्हणाले, तर ती सात वर्षे जुनी असण्याचीच शक्यता जास्त. जाहिरातींत गाड्यांच्या दोन जाती असतात : ‘फॉरेन यूज्ड’ आणि ‘लोकली यूज्ड’. परदेशात वापरलेली ती वरच्या जातीची, देशात वापरलेली ती खालच्या. दोन्ही जुन्याच. पण पहिलीने जपानचे रस्ते पाहिलेले असतात, दुसरीने नैरोबीचे. किमतीतला फरक तेवढ्यावरच ठरतो. दारात उभी असलेली गाडी कोणत्या काळात देशात आली, हे शेजारी नंबर पाटीवरूनच ओळखतात. केसीए, केडीए अशी अक्षरे पुढे सरकत जातात, आणि ‘केडीए’ म्हणजे २०२० च्या अखेरीनंतरची नोंदणी. गाडी त्याआधी किती वर्षे धावली आहे, हे पाटी सांगत नाही.

जुन्या वस्तूंचा व्यापार हा माझ्या वाचनाचा आणि टिपणांचा जुना विषय. कापड, भंगार, जहाजे यांच्यामागून मी गाड्यांपाशी आलो. निमित्त घरचेच होते. नोकरीसाठी नैरोबीत स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याला २०२४ मध्ये गाडी घ्यायची होती. घरात नवरा-बायको, चार वर्षांची मुलगी, आणि वर्षातले काही महिने माझी बहीण. त्याने एका सकाळी जपानी अक्षरांनी भरलेल्या कागदाचा फोटो पाठवला आणि विचारले, “मामा, तुम्हाला असले कागद आवडतात ना? यात काय लिहिलंय ते बघा.” तो कागद म्हणजे लिलावपत्रिका. ती वाचण्यापुरती पन्नास-साठ चिन्हे मी शिकून घेतली, आणि एका सेडानच्या निवडीमागे केवढी व्यवस्था उभी आहे ते उलगडत गेले.

गाडी जपान का सोडते?

जपानमध्ये खासगी गाडीला ‘शाकेन’ नावाची सक्तीची तपासणी असते. नव्या गाडीला पहिली तीन वर्षांनी, पुढे दर दोन वर्षांनी. तपासणी, विमा, वजनावरचा कर आणि सापडलेल्या दुरुस्त्या धरून मालकाच्या खिशाला चांगलीच चाट बसते. पेट्रोलची गाडी तेरा वर्षांची झाली की वार्षिक करही वाढतो. त्यामुळे पाचव्या, सातव्या, नवव्या वर्षी, शाकेनची तारीख जवळ आली की मालक हिशेब करतो : हा खर्च करायचा की गाडी देऊन टाकायची? जुनी गाडी तिथे फारशी कोणाला नको असते. मोठ्या शहरांत रेल्वे उत्तम, गाडी उभी करायला जागा असल्याचा दाखला दिल्याशिवाय बहुतेक ठिकाणी नोंदणी होत नाही, आणि धावही कमी असते. म्हणजे सात वर्षांची, जेमतेम साठ-सत्तर हजार किलोमीटर धावलेली, वेळोवेळी तपासलेली गाडी मालकाला ओझे होते. निर्यात केल्यास पुनर्वापर कायद्याखाली आधी भरलेले शुल्कही परत मिळते. हा कायदा २००५ पासून लागू आहे.

अशा गाड्या लिलावात जातात. यूएसएस ही त्यातली सर्वांत मोठी संस्था, आणि तोक्योजवळच्या नोदा येथे तिचे प्रचंड मैदान आहे. तिथे आठवड्यातून एकदा हजारो गाड्या पडद्यावरून सरकतात, आणि एकेका गाडीचा फैसला काही सेकंदांत होतो. बोली फक्त सभासदांना लावता येते. नैरोबीतला ग्राहक निर्यातदारामार्फत तिथे पोचतो. गाडी त्याने पाहिलेली नसते. त्याच्या हातात असते ती लिलावपत्रिका.

या गाड्या पुढे कुठे जातात? उजवीकडे स्टिअरिंग असलेली गाडी जिथे चालते तिथे : न्यूझीलंड, श्रीलंका, बांगलादेश, पाकिस्तान, टांझानिया, युगांडा, केनिया. (उजवीकडून वाहने हाकणाऱ्या रशियाच्या पूर्व टोकालाही त्या गेल्या, हा अपवाद.) प्रत्येक देशाची चाळणी वेगळी आहे. बांगलादेशात पाच वर्षांपर्यंतच्या गाड्या ‘रिकंडिशन्ड’ या नावाने येतात. युगांडाने २०१८ मध्ये पंधरा वर्षांची मर्यादा घातली. आपल्याकडे जुन्या गाडीच्या आयातीला तीन वर्षांच्या वयाची अट, मुंबई बंदरातूनच प्रवेशाची अट आणि वर भक्कम शुल्क. स्वतःचा वाहन उद्योग सांभाळायचा म्हणून भारताने हे दार जवळजवळ बंदच ठेवले. त्यामुळे कराची, कोलंबो आणि चट्टोग्राम इथे घरोघरी माहीत असलेली टोयोटा प्रीमियो पुण्या-मुंबईच्या वाचकाने बहुधा पाहिलेलीही नसते.

सफारीची पुण्याई

केनियाचा जपानी गाडीवर एवढा विश्वास का? स्वस्ताई हे एक उत्तर झाले. पण स्वस्त गाडी पूर्व आफ्रिकेच्या रस्त्यांवर टिकते, ही खात्री आधी पटावी लागली. ती पटवली सफारी रॅलीने. १९५३ मध्ये सुरू झालेल्या या शर्यतीत धूळ, चिखल आणि दगडधोंड्यांतून हजारो किलोमीटर कापावे लागत. १९७० मध्ये डॅटसन जिंकली. १९७३ मध्ये भारतीय वंशाचे शेखर मेहता डॅटसन घेऊन पहिले आले, आणि पुढे १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षे त्यांनी डॅटसन व्हायलेट जातीच्या गाड्यांतून ही शर्यत जिंकली. १९७४ आणि १९७६ मध्ये जोगिंदर सिंग मित्सुबिशी लॅन्सरमधून जिंकले. त्याच जोगिंदर सिंगांनी १९६५ चा विजय एका जुन्या, आधी दुसऱ्याने चालवलेल्या व्होल्वोतून मिळवला होता. जुनी गाडी म्हणजे कमअस्सल गाडी नव्हे, हे केनियाने तेव्हाच पाहून ठेवले.

शर्यतीतल्या या गाड्या बाजारात मिळणाऱ्या घरगुती गाड्यांच्याच भावंड होत्या. लोकांनी त्या आपल्या गावावरून जाताना पाहिल्या. पुढे १९९० च्या दशकात परकीय चलनावरची बंधने सैल झाली, आयात खुली होत गेली, आणि त्या विश्वासाला जुन्या जपानी गाड्यांची बाजारपेठ मिळाली. जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यांसाठी स्वाहिलीत ‘मितुंबा’ हा शब्द आहे. तोच गाड्यांनाही लागला.

पाच मिलिमीटर आणि पंधराशे सीसी

भाच्यासमोर तीन नावे होती : टोयोटा प्रीमियो, टोयोटा कोरोला ॲक्सिओ आणि निसान सिल्फी. तिन्ही सेडान, तिन्ही नैरोबीच्या रस्त्यांवर भरपूर. निवड कशी करायची?

पहिली चाळणी वयाची. केनियाच्या नियमाप्रमाणे आयात गाडी आठ वर्षांच्या आतली हवी. वर्ष बदलले की रेषा एक वर्षाने पुढे सरकते. २०२४ मध्ये पहिली नोंदणी २०१७ किंवा नंतरची असेल तीच गाडी चालत होती. म्हणून वर्षअखेरीला बाजारात गंमत होते. ३१ डिसेंबरपूर्वी मोंबासाला न पोचलेली सर्वांत जुन्या सालची गाडी एका रात्रीत अपात्र ठरते; जहाज उशिरा आले तर नुकसान लाखांत. जपान ते मोंबासा हा प्रवास साधारण महिनाभराचा, म्हणून समजूतदार माणूस ऑक्टोबरनंतर शेवटच्या सालाच्या फंदात पडत नाही.

दुसरी चाळणी कराची. इथे गंमत म्हणजे गाडीची तुम्ही मोजलेली किंमत हा आधारच नाही. महसूल खात्याकडे प्रत्येक मॉडेलच्या नव्या गाडीच्या विक्रीकिमतीची यादी असते. त्यातून वयाप्रमाणे घसारा वजा होतो, आणि निघालेल्या मूल्यावर कर चढत जातात. एकाच्या डोक्यावर दुसरा. भाच्याच्या वर्षीचे दर घेऊन हिशेब करू. मूल्य १०० शिलिंग धरले तर ३५ टक्के आयात शुल्काने १३५ झाले. त्या १३५ वर, इंजिन १५०० सीसीपर्यंत असेल तर २० टक्के अबकारी : १६२. त्यावर १६ टक्के मूल्यवर्धित कर : जवळजवळ १८८. इंजिन १५०० सीसीच्या वर गेले की अबकारी २५ टक्के, आणि आकडा पोचतो १९६ च्या घरात. इतर किरकोळ आकार वेगळेच. थोडक्यात, गाडीच्या मूल्याएवढाच जवळजवळ करही भरायचा. १५०० सीसीची प्रीमियो आणि ॲक्सिओ नैरोबीत एवढ्या का दिसतात, त्याचे निम्मे उत्तर या रेषेत आहे. २०१२ नंतरची सिल्फी १८०० सीसीची. ती रेषेपलीकडे गेली.

सिल्फीची आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी. जपानमध्ये गाड्यांचे आकारमानावर वर्ग आहेत. लांबी ४.७ मीटर, रुंदी १.७ मीटर, उंची २ मीटर आणि इंजिन २००० सीसी या मर्यादांत बसणाऱ्या गाडीच्या पाटीवरचा वर्गांक ५ ने सुरू होतो, म्हणून तिला बोलीभाषेत ‘पाच नंबरी’ म्हणतात. अरुंद गल्ल्यांच्या देशात या मापाला मान आहे. प्रीमियोची रुंदी १६९५ मिलिमीटर, ॲक्सिओचीही तेवढीच. मर्यादेत राहून पाच मिलिमीटर शिल्लक! सिल्फीने ही मर्यादा सोडली. ती १७६० ची. मागच्या सीटवर आजी, नात आणि नातीची खुर्ची बसवायची तर हे साडेसहा सेंटिमीटर सिल्फीच्या बाजूने बोलतात. प्रीमियोची जमेची बाजू लांबीत आहे. तिच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर २.७ मीटर, ॲक्सिओचे २.६. तो दहा सेंटिमीटरचा फरक मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांना कळतो. माझ्या बहिणीचे गुडघे हा या निवडीतला एक खरा निकष होता.

प्रीमियो ही कोरोना या जुन्या घराण्याची वारस. २००१ च्या डिसेंबरात आली, २००७ मध्ये दुसरी पिढी, आणि २०२१ मध्ये उत्पादन थांबले. ती मुख्यतः जपानच्या बाजारासाठी, आणि तिथेही बेताने चालवणाऱ्या वयस्क ग्राहकाला डोळ्यांपुढे ठेवून बनली. जपानी आजी-आजोबांची गाडी केनियात तरुण कुटुंबाची पहिली गाडी झाली. पहिल्या मालकाची संथ चाल हे तिचे न लिहिलेले प्रमाणपत्रच म्हणायचे.

तिसरी चाळणी कारागिराची. नैरोबीत उन्हात, उघड्यावर काम करणाऱ्या कारागिरांना ‘जुआ काली’ म्हणतात. शब्दाचा अर्थच कडक ऊन. त्यांच्या हाताला सवय असलेले इंजिन घेणे शहाणपणाचे. १५०० सीसी प्रीमियोचे इंजिन हे टोयोटाच्या प्रोबॉक्स या मालवाहू गाडीतही असते, आणि प्रोबॉक्स केनियाच्या खेड्यापाड्यांत माणसे, भाजी, कोंबड्या वाहून नेते. त्यामुळे त्याचे सुटे भाग किरिन्यागा रोडच्या दुकानांत सहज मिळतात. जपू तेवढे थोडे ते गिअरबॉक्सला. सीव्हीटी पद्धतीच्या गिअरबॉक्सला विशिष्ट तेलच लागते. सूचना जपानी भाषेत, आणि कारागिराने साध्या ऑटोमॅटिकचे तेल ओतले तर काही महिन्यांत बॉक्स गेला. भाच्याला मी सांगितले, तेलाचे नाव कागदावर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूस चिकटव.

कागद वाचताना

आता तो कागद. लिलावपत्रिकेत वरच्या कोपऱ्यात एक गुणांक असतो. ५ म्हणजे जवळपास नवी, ४.५ उत्तम, ४ चांगली, ३.५ म्हणजे बाहेरून ओरखडे-पोचे पण चालण्याजोगी. ‘आर’ किंवा ‘आरए’ असेल तर अपघातानंतर दुरुस्त झालेली. आतल्या सजावटीला ए, बी, सी अशी वेगळी श्रेणी. खाली गाडीचा उलगडलेला नकाशा, आणि त्यावर खुणा : ‘ए’ ओरखडा, ‘यू’ पोचा, ‘डब्ल्यू’ दुरुस्तीनंतर उरलेली लाट, ‘एस’ गंज, ‘एक्सएक्स’ बदललेला भाग. जोडीचा आकडा १ म्हणजे किरकोळ, ३ म्हणजे ठळक.

साल ख्रिस्ती पद्धतीने लिहिलेले असेलच असे नाही. ते सम्राटाच्या कालगणनेत असते. हेइसेई २९ म्हणजे १९८८ मिळवून २०१७. रेइवा १ म्हणजे २०१८ मिळवून २०१९. शालिवाहन शकात ७८ मिळवणाऱ्या आपल्या माणसाला यात अवघड काही नाही, पण केनियातल्या ग्राहकाला मात्र हा आकडा दलालाकडून ऐकावा लागतो. आठ वर्षांच्या नियमात एका वर्षाचा फरक म्हणजे गाडी येणे आणि न येणे.

भाच्याने पाठवलेल्या तीन पत्रिकांपैकी एकीवर गुणांक ४.५ होता, धाव कमी, किंमतही बरी. पण मागच्या डाव्या पंख्याच्या पत्र्यावर ‘डब्ल्यू’ होता आणि खालच्या टिपणीत गंजाचा उल्लेख. दुसरीवर ४, पाच-सहा ‘ए१’ आणि एक ‘यू१’, बाकी स्वच्छ. मी दुसरी सुचवली. ओरखडा हा गाडी वापरात असल्याचा पुरावा आहे. गंजाचे तसे नाही. जपानच्या उत्तरेकडील बर्फाळ प्रांतांत रस्त्यावर मीठ टाकतात, ते पत्र्याच्या खालून खाते आणि वरून चकाकी तशीच राहते. धावेचा आकडा तपासायचा तर शाकेनच्या कागदावर त्या-त्या तपासणीच्या वेळचा आकडा नोंदलेला असतो. पत्रिकेवरचा आकडा त्याच्याशी जुळला पाहिजे, आणि मोंबासाला उतरल्यावर गाडीतल्या मीटरशीही. दरम्यान केनियाच्या मानक संस्थेने नेमलेली यंत्रणा जपानमध्येच गाडी तपासते. २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर त्यात किरणोत्साराची तपासणीही आली.

जे पत्र येत नाही

गाडी आली. नैरोबीत आलेल्या जपानी गाडीचे पहिले लक्षण म्हणजे ती जपानीत बोलते. किल्ली फिरवताच एक बाई नम्र स्वरात सांगतात की टोलचे कार्ड घातलेले नाही. हे वाक्य नैरोबीतली मुले अर्थ न कळता तोंडपाठ म्हणतात. रेडिओ मुका असतो, कारण जपानचा एफएम पट्टा ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो आणि केनियाची बहुतेक स्टेशने त्याच्या वरच्या टोकापलीकडे असतात. छोटे यंत्र जोडून ते सुधारता येते. गाडीची जमिनीपासूनची उंची जेमतेम पंधरा-सोळा सेंटिमीटर, म्हणून गतिरोधकांवर पोट घासते, आणि लोक स्प्रिंगखाली रबराचे तुकडे बसवून घेतात. या अडचणी हसत सांगण्याजोग्या आहेत.

हसत सांगता येणार नाही अशी एक आहे. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगचा दोष जगाला ठाऊक आहे. तिच्या फुगवणाऱ्या यंत्रात अमोनियम नायट्रेट होते. उष्णता आणि दमटपणाने वर्षानुवर्षांत ते बिघडते. मग टक्कर झाली की पिशवीबरोबर धातूचे तुकडेही उडतात. टोयोटा, होंडा, निसान, माझदा अशा अनेकांच्या गाड्या परत बोलावल्या गेल्या. २०१७ मध्ये ताकाताने दिवाळखोरी जाहीर केली. जपानमध्ये असे बोलावणे नोंदणीकृत मालकाच्या पत्त्यावर पत्राने येते. पण निर्यातीच्या वेळी गाडीची जपानी नोंद रद्द होते, आणि तिच्याबरोबर पत्ताही संपतो. पत्र मोंबासाला येत नाही.

दोष एअरबॅगचा असो, ब्रेकचा असो की इंधन पंपाचा, बातमी कळायची व्यवस्था तुटलेली असते. शिवाय जपानच्या देशांतर्गत गाड्यांना सतरा अक्षरांचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक नसतो. असतो तो छोटा चेसिस क्रमांक. १५०० सीसी प्रीमियोचा ‘एनझेडटी२६०’ ने सुरू होणारा. इतर देशांची तपासणी-साधने त्याला ओळखत नाहीत. तो निर्मात्याच्या जपानी भाषेतल्या पानावरच तपासावा लागतो. पैसे भरण्याआधी मी तो तपासला. परत बोलावण्याचे एक काम होते, आणि ते पहिल्या मालकाने जपानमध्येच करून घेतल्याची नोंदही होती. नसती तर त्या पत्रिकेवर कितीही गुण असोत, मी नको म्हटले असते.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२० मध्ये जुन्या गाड्यांच्या व्यापारावर अहवाल काढला. २०१५ ते २०१८ या काळात युरोपीय संघ, जपान आणि अमेरिका यांनी मिळून १ कोटी ४० लाख जुन्या हलक्या गाड्या निर्यात केल्या, आणि त्यातल्या सुमारे ८० टक्के कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत गेल्या, असे तो सांगतो. त्या संस्थेचे मुख्यालय नैरोबीतच आहे. वय आणि धूर यांवर नियम हवेत, असे अहवालाचे म्हणणे, आणि केनियाचा आठ वर्षांचा नियम हा त्यातल्या त्यात कडक मानला जातो. माझ्या मते त्याला एका नियमाची जोड हवी : निर्यात करणाऱ्या देशाने चेसिस क्रमांकासोबत दोषांची यादी खरेदीदाराच्या भाषेत पाठवावी. गाडी विकून पैसे आणि पुनर्वापराचे शुल्क परत घेताना तिचा इतिहास मागे ठेवून घेण्याचे कारण नाही.

तोवर हे काम कुटुंबालाच करावे लागते. भाच्याच्या घरी फ्रिजवर एक कागद लावला आहे. त्यावर चेसिस क्रमांक, गिअरबॉक्सच्या तेलाचे नाव, टायरवरचे निर्मितीचे साल आणि ‘दर सहा महिन्यांनी जपानी पान पाहणे’ अशी सूचना आहे. सूचना माझ्या नावावर आहे. पहिली तारीख जानेवारीची.